न कापलेला फोटो

९ फेब्रुवारी, वस्तीवर

आज सगळ्यांना प्रिंट दाखवले. ही माझी पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. बाकीचे फोटोवाले येतात, टिपतात आणि पसार होतात. मी पुस्तक छापायच्या आधी परत येतो, ज्यांचे फोटो काढले त्यांच्यासमोर सगळे मांडतो, आणि ज्याला जो नको असेल तो काढून टाकतो. शाळेच्या खोलीतली बाकं जोडून त्यांवर प्रिंट पसरले. माणसं खूप हसली. मला वर घेऊन येणारा जीपवाला म्हणाला, आपलं नाक एवढं आहे हे बायकोनं आजवर सांगितलं कसं नाही.

'जागे'चा फोटो मुद्दाम शेवटी ठेवला होता. इथली माणसं त्या ठिकाणाला नुसतं 'जागा' म्हणतात. डोंगराच्या कुशीत एक खोलगट सपाटी आहे. वस्तीतल्या गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक दगड तिथे उभा आहे. मोठ्यांचे गुडघ्याएवढे, मुलांचे वीतभर. परक्याला तिथे नेत नाहीत. मला नेलं ते आत्याच्या शब्दावर. आत्या ही जीपवाल्याची सख्खी आणि बाकी सगळ्यांची मानलेली. मीही तिला आत्याच म्हणतो, आणि 'तू'च म्हणतो. पहिल्या दिवशी 'तुम्ही' म्हटलं तर ती मागे वळून बघायला लागली, कोण आलंय म्हणून. रोज सकाळी जागा झाडायचं काम तिच्याकडे आहे. तिचा नवरा तिथे आहे, आणि लहानपणीच गेलेली मुलगीही.

फोटोत ती वाकून मुलीच्या दगडाशी झाडते आहे. मागे ओळीने दगड, आणि त्यांच्या वर डोंगराची कड, पुढचा दात पडावा तशी मधोमध खाच असलेली. मी आजवर काढलेला सर्वांत चांगला फोटो. आत्याने तो डोळ्यांजवळ नेला, मग बाकावर ठेवून वरच्या भागावर तळवा झाकला.

"हे वरचं काढून टाक," ती म्हणाली.

मी विचारलं, आभाळ? ती म्हणाली, कड. मी म्हटलं, बरं. ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "काढतो म्हणतोय." विषय तिथेच संपला आणि चहा आला.

माझ्या सासूबाईंचंही हेच. फोटोत माणूस डोक्यापासून पायांपर्यंत यायला हवा, बाकी डोंगर-झाडं कशाला? चालायचंच.

१३ फेब्रुवारी

घरी पोचलो. बायकोला सगळं सांगितलं. ती एक्स-रे काढते. लग्नात तिच्या भावाने भाषण केलं होतं की दोघंही फोटोग्राफर, एक बाहेरचे काढतो, एक आतले. तेव्हापासून ती म्हणते, "मी माणसांच्या आतले काढते आणि कुणाला दाखवत नाही. तू बाहेरचेच काढतोस आणि गावभर लावतोस."

कडेचा किस्सा हसत हसत सांगितला. ती हसली नाही. का नको ते विचारलंस का, म्हणाली. मी म्हटलं, अगं, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत बसलो तर पुस्तक कधी होणार?

४ मार्च

आज प्रकाशनाच्या ऑफिसात कडाक्याचं भांडण. पुस्तकाची मांडणी करणाऱ्याला तिथे सगळे 'कात्री' म्हणतात, आणि तो नावाला जागतो. जागेचा फोटो मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलंय. कात्रीचं म्हणणं, वरची कड उडवू, म्हणजे शीर्षकाला ऐसपैस जागा मिळेल. मी त्याला सांगितलं, मी फोटो कापत नाही. कधीच कापला नाही. बटण दाबतानाच चौकट ठरवायची असते. नंतर कात्री चालवणारा फोटोग्राफर नव्हे, शिंपी. कात्री म्हणाला, शिंप्याकडे गिऱ्हाईक निदान मापं देऊन जातं. प्रकाशिका बाई हसल्या, पण कौल माझ्या बाजूने दिला. शीर्षक खाली गेलं, कड राहिली.

परत येताना आत्याची आठवण झाली. 'बरं' म्हटलं होतं खरं. पण जागेचा पत्ता फुटू नये ही त्यांची मूळ अट मी तंतोतंत पाळतोय. पुस्तकात वस्तीचं नाव नाही, डोंगराचं नाही, जिल्ह्याचंसुद्धा नाही. कडेवर काय पाटी लावली आहे? आत्याला तिच्या मनासारखा फोटो मिळाला म्हणजे झालं. तो मी वेगळा करून देईन.

११ मार्च

आत्याची प्रत तयार केली. वरचा भाग कापला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही तिच्यासाठी, हे तिला कधी कळणार नाही. कापल्यावर फोटो बिचारा बुटका झाला. चौकटीत बसवून पाठवून दिला. साप मरावा, काठी न मोडावी.

बायको कागदाची कापलेली पट्टी हातात घेऊन बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आणि पुस्तकात?" मी म्हटलं, पुस्तक वेगळं. ती पट्टी टेबलावर ठेवून आत गेली.

१६ मार्च

जीपवाल्याचा फोन. आत्या भलतीच खूश आहे. चौकट बगलेत मारून घरोघर फिरली. ज्यांना मी जागेवर गेलेला आवडलं नव्हतं त्यांच्याकडे आधी गेली, आणि म्हणाली, "बघा, शब्दाला जागला."

दिवसभर छान वाटत राहिलं.

६ एप्रिल

प्रदर्शनाचं उद्‌घाटन. पुस्तकही आजच आलं. जागेचा फोटो समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीचा. मी भाषण केलं. भाषण मला जरा चांगलंच जमतं. विश्वासाबद्दल बोललो. प्रिंट परत घेऊन जाण्याबद्दल बोललो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

नंतर एक उंच तरुण आला. सुट्टी मिळाली की डोंगर चढणाऱ्यांपैकी. फोटोसमोरून हलेना. शेवटी म्हणाला, "ही कड मी पाहिलीय, सर. दुसऱ्या बाजूने. ही खाच विसरताच येत नाही." फोटो इतका खरा की माणूस दगडाची रेघ ओळखतो! याहून मोठी पावती कुठली? मी त्याला पुस्तकावर सही करून दिली, आणि वर 'कडेच्या मित्रास' असंही लिहिलं. त्याने फोटोचा फोटो काढून घेतला. आता कुणाला अडवणार?

२४ एप्रिल

पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय. कात्री भेटला. म्हणाला, तुमचंच बरोबर होतं, कड हवीच होती. मनाचा मोठेपणा आहे त्याच्याकडे.

१९ मे

कसं लिहू कळत नाही.

दुपारी जीपवाल्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, दादा, एक विचारायचं होतं, पुस्तकावर आहे तो दुसरा फोटो आहे का? मी विचारलं, का? म्हणाला, आत्याकडं आहे त्यात कड नाही.

मग हळूहळू सगळं सांगितलं. आधी दोघंतिघं आले. डोंगर चढणारे. पुढच्या रविवारी दोन गाड्या, त्याच्या पुढच्या रविवारी रस्ता अडला. सगळ्यांच्या फोनवर मुखपृष्ठ. फोन डोळ्यांसमोर धरायचा आणि कडेची खाच जुळवत जुळवत वर चढायचं. फोटोतल्यासारखी नेमकी खाच दिसते असं ठिकाण अख्ख्या डोंगरात एकच आहे. तिथे मी उभा होतो.

एवढं साधं होतं ते. मी या धंद्यात केस पांढरे केलेत. कुठे उभं राहिलं की मागची रेघ कशी दिसते, यावरच माझं पोट चालतं. हे आत्याला एका नजरेत कळलं आणि मला कळलं नाही? की कळून घ्यायचं नव्हतं? ती तळवा ठेवून दाखवत होती आणि मी सासूबाईंचे विनोद करत होतो.

जीपवाला म्हणाला, "म्हणजे तिच्यापुरती कापली होय." तो म्हणाला, बरं, ठेवतो. शिवी दिली नाही. त्याने फोन ठेवल्यावरही मी तसाच कानाशी धरून बसलो होतो.

त्याहून वाईट म्हणजे घरोघर फिरलेली ती चौकट. मी नुसता शब्द मोडला नाही. मोडलेला शब्द चौकटीत बसवून तिच्याच हाताने गावभर दाखवला. याला केसाने गळा कापणं म्हणतात. लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

२० मे

प्रदर्शनातून फोटो उतरवला. त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला. प्रकाशिका बाईंनी ऐकून घेतलं, पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलतो म्हणाल्या. विकली गेलेली पुस्तकं परत आणता येत नाहीत, आणि फोनमधले फोटो कुणाच्या बापाला पुसता येणार नाहीत. वरातीमागून घोडं.

कात्रीला सगळं सांगितलं. त्याला चिडवायची आयती संधी होती. त्याने चहा मागवला आणि मान खाली घालून बसला. तेही सहन झालं नाही.

२३ मे

जाहीर माफीनामा लिहिला. वृत्तपत्रात द्यायचा. दोन दिवस खपलो, चांगला झाला होता. बायकोने उभ्याउभ्याच वाचला आणि विचारलं, "आत्याला वाचता येतं?"

नाही येत.

"मग हा कुणासाठी आहे?"

मी म्हटलं, निदान लोकांना कळेल की माझी चूक होती. ती म्हणाली, लोकांना एवढंच कळेल की असं एक ठिकाण आहे, आणि ज्यांना अजून माहीत नाही तेही निघतील. मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "तुला कुणीतरी दोन शिव्या घालायला हव्यात, म्हणजे तुझ्या गळ्याखाली घास उतरेल. जा वर. घालतील."

माफीनामा फाडला. छान वाक्यं होती, हे फाडतानाही मनात आलं. कसला माणूस आहे मी.

३० मे, वस्तीवर

शिव्या कोणी घातल्या नाहीत. जीपवाला स्टँडवर घ्यायला आला, माझी पिशवी त्यानेच मागे ठेवली. वाटेत ज्याच्यात्याच्याकडे बघत होतो, कोणीतरी तोंड फिरवेल म्हणून. कोणी फिरवलं नाही. कसे आहात, प्रवास कसा झाला, एवढंच विचारत होते.

आत्याच्या घरात ती चौकट अजून भिंतीवर आहे. मला वाटलं होतं तिने फोडली असेल. फोडायला हवी होती. मी म्हटलं, आत्या, मी तुला फसवलं. ती म्हणाली, हो. मग माझ्याबरोबर फोटोकडे बघत म्हणाली, "फोटो चांगला आहे. तिच्याजवळ आहे मी त्यात."

जागेवर ती मला घेऊन गेली नाही. आता मला नेता येत नाही. पण जीपवाल्याने सांगितलं. मोठ्या दगडांवर बसून लोक खातात. एकावर कोळशाने नावं लिहिलेली होती, बाणासकट. आणि मुलांचे वीतभर दगड उचलून एकावर एक रचून मनोरे केले होते. शोभेला. त्यापुढे उभं राहून फोटो काढायला. आत्या सकाळी झाडायला गेली तर मुलं जागेवर नव्हती. तिने ते मनोरे एकटीने उतरवले, आणि कोणाचा दगड कुठला, कुठे, कसा उभा होता ते आठवून सगळे परत लावले. संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. तेवढ्यातही एकाने तिला विचारलं, मावशी, जरा झाडू घेऊन वाकता का, पुस्तकात आहे तसं.

मी विचारलं, मग? जीपवाला म्हणाला, मग काय, वाकली. तो गेल्याशिवाय तिला मुलांना हात लावायचा नव्हता.

३१ मे

शाळेच्या त्याच खोलीत सगळे जमले होते. मला बोलावलं नव्हतं, मी दाराशी उभा राहिलो. वस्तीतले सर्वांत वडील, ज्यांना सगळे थोरले काका म्हणतात, ते बोलले. दगड हलवायचे. दुसरी जागा ठरली आहे, कुठे ते न्यायला जाणाऱ्यांनाच कळेल. उद्या सकाळी, कामाचा दिवस आहे, बाहेरचं कोणी येणार नाही.

मग ते आत्याकडे वळले. त्यांच्यात एक नेम आहे. मी इतकी वर्षं येतोय, पण हा मला ठाऊक नव्हता. ज्याच्या शब्दावर परका माणूस जागेवर आला आणि जागा फुटली, त्याला नवी जागा कळू द्यायची नाही. तो मरेपर्यंत नाही. मेल्यावर मात्र त्याचा दगड तिथेच जातो.

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी आत घुसलो. म्हटलं, चूक माझी आहे, तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, मी 'बरं' म्हटलं होतं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. जी काय शिक्षा असेल ती मला करा.

थोरले काका चिडले नाहीत. चिडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

"तुमची चूक आहे ते ठाऊक आहे आम्हाला," ते म्हणाले. "पण तुम्हाला काय शिक्षा करणार? तुम्ही आमचे कुठं?"

मला वाटायचं मी यांचाच झालोय. भाषणात तसं म्हणालोही होतो.

आत्याने मान हलवली. तिचं काही म्हणणं नव्हतं. एवढंच विचारलं की झाडणार कोण. जीपवाल्याची बायको, असं ठरलं. तर आत्या तिला तिथेच बाजूला घेऊन सांगायला लागली. मोठ्यांना झाडूनं झाडलं तरी चालतं, लहानांच्या भोवती झाडू लावायचा नाही, हातानं पानं वेचायची. आणि मुलीच्या शेजारी मुंग्यांचं वारूळ होतं, नव्या जागी तसं काही असलं तर तिला जरा लांब ठेव. सूनबाई रडत होती, आत्या नाही.

१ जून, स्टँडवर

गाडीला उशीर आहे. आत्ताच लिहितो.

पहाटे निघायचं असं मी ठरवलं होतं. दगड नेताना मी तिथे असणं बरं नव्हे. पण आत्याने जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला, त्याला म्हणावं इकडे ये. गेलो. तिने घराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून दोन पाट टाकले होते. एकावर ती बसली होती. पुढ्यात शेंगांचं सूप. मला म्हणाली, बस, सोल.

जागेवरून उतरणारी पायवाट तिच्या घराच्या मागून जाते आणि जरा पुढे तिला तीन फाटे फुटतात. दगड घेतलेली माणसं तिथूनच जाणार होती. वळून बघायचं नव्हतं. मी म्हटलं, बघणार नाही. म्हणून थांबलो, कारण माझ्या या शब्दाची काय किंमत उरली होती? ती म्हणाली, बघणार नाहीस, ठाऊक आहे. पण ऐकू येतं ना.

आयुष्यभर ती वाट तिने ऐकली आहे. कोणतं पाऊल कुठल्या फाट्याला वळलं, ते तिला डोळे मिटून कळतं. आणि तिला कळून घ्यायचं नव्हतं. नेम म्हणजे नेम.

"तू बोल काहीतरी," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल. तुला बोलता येतं म्हणतात."

वरून पहिली पावलं ऐकू आली. जड, जोडीने टाकलेली. माझं तोंड उघडेना. विश्वासावर तासभर बोलणारा माणूस मी. तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मग मी सुरू केलं. बायकोबद्दल बोललो, तिच्या एक्स-रेच्या यंत्राबद्दल, ते कसं घुर्र करतं. मेहुण्याने गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्याच फाटकावर कशी घातली. घरातला नळ कसा गळतो, प्लंबर कसा रोज उद्या येतो म्हणतो. ओरडून ओरडून बोलत होतो, बाजारात दर पुकारल्यासारखा. आत्या मध्येमध्ये विचारत होती, मग? मग काय झालं? तीही मोठ्यानेच. हात शेंगांवर चालू होते. डोळे भिंतीवर.

मागे पावलं येत राहिली, जात राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. हळूहळू ती कमी झाली, मग थांबल्यासारखी वाटली. माझा घसा बसला होता. प्लंबरपाशी पोचून मी दम घ्यायला थांबलो.

आत्याचा हात सुपातच राहिला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "लहानांना शेवटी नेतात."

मी पुन्हा नळापासून सुरुवात केली.